आय्तु

३ फेब्रुवारी, सोमवार

गांधी बाजारातून दोन वह्या आणल्या. निळ्या पुठ्ठ्याच्या, शंभर पानी. कशाला हव्यात ते दुकानात ठाऊक नव्हतं. एक ही. दुसरी पर्समध्येच आहे.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी बाई रोजनिशी लिहायला बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय हे उघड आहे. बिनसलंय ते असं. आमची कंपनी छोटी, बसवनगुडीत एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. आम्ही शुश्रूषा केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. ऑपरेशननंतर माणसं तिथे पंधरा दिवस, महिनाभर राहतात. कुणाला कुठली गोळी कधी दिली, ताप किती, रक्तदाब किती, हे नर्स टॅबवर नोंदवतात. पूर्वी हे सगळं वहीत असे. अकरा केंद्रांतल्या वह्या आम्ही बंद केल्या आणि त्या आनंदात ऑफिसात केकही कापला.

आज होसूर रोडच्या केंद्रातून तक्रार आली. दुपारी दिलेलं इन्सुलिन नर्सनं नोंदवलं, हिरवी खूण पाहिली, आणि थोड्या वेळानं नोंद गायब. आमचा मुख्य यशोवर्धन पुण्याचा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, मनाचा चांगला पण सदा घाईत. तो म्हणाला, "अहल्याताई, युजर एरर. दाबायला विसरली असेल." मी म्हणाले, "हो, तसंच असणार."

इतक्या चटकन म्हणाले की माझी मलाच शंका आली. कारण ऑक्टोबरात त्या प्रोग्राममधून मी एक थांबणं काढून टाकलं होतं. ते दुसऱ्या कुणाला आठवत नसेल. मला तेव्हापासून आठवतंय. चोराच्या मनात चांदणं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णा काल न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. आज सकाळी ऑपरेशन झालं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, गुंडूराव. ऐंशी पुरी. चाळीस वर्षं ह्याच पेठेत शिलाईचं दुकान चालवलं. आम्ही राहतो ते दुकानाच्याच वर. मी कऱ्हाडची. लग्न होऊन आले तेव्हा ह्या घरातलं मराठी ऐकून मला वाटलं, कानडी रेडिओवर मराठी स्टेशन लागलंय. पहिल्याच दिवशी अण्णा म्हणाले, "स्वल्प बस गं, ऊटा आय्ता?" मी घाबरून नवऱ्याकडे, रवीकडे पाहिलं. तो म्हणाला, जेवलीस का विचारतायत. तेव्हापासून वीस वर्षं ह्या माणसानं मला एकदाही उपाशी उठू दिलेलं नाही.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून त्यांना रक्त पातळ करणारी गोळी आहे. रोज संध्याकाळी सहाला, एकच. एखाद्या दिवशी चुकली तर फार बिघडत नाही, पण दुप्पट गेली तर ह्या वयात आतून रक्त वाहू शकतं. डॉक्टर "एकच" हा शब्द दोनदा म्हणाले.

११ फेब्रुवारी, मंगळवार



आमचा जिना उभा, आम्ही दोघं कामावर, म्हणून अण्णांना तीन आठवडे शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरलं होतं. केंद्र रवीनं शोधलं. जे. पी. नगरमधलं, स्वच्छ, झाडं आहेत. अण्णांना खोलीत नेल्यावर रवीनं भिंतीवरच्या टॅबकडे बोट दाखवलं. म्हणाला, "बघ, तुझंच आहे! मुद्दाम तुला सांगितलं नव्हतं." शाळेत गणित शिकवणारा माणूस, एरवी त्याला सरप्राइज वगैरे सुचत नाही. आजच सुचायचं होतं.

दिवसपाळीची नर्स शिल्पाश्री, पंचविशीची, हासनकडची. मी हे सॉफ्टवेअर केलंय म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. "तुंबा चेनागिदे मॅडम, फार छान! वहीत लिहायला किती वेळ जायचा. आता बोट लावलं की आय्तु." आणि तिनं लावून दाखवलं. हिरवा चौकोन उमटला, त्यात कानडीत तोच शब्द, आय्तु.

तो शब्द मीच निवडलाय. गेल्या वर्षी मी रूपश्रीला विचारलं होतं, काम ऐकलंय, करतोय, हे नर्सला एका शब्दात कसं सांगायचं? रूपश्री आमच्याकडे तपासणीचं काम करते, तिचं घराणं चार पिढ्या इथलं. ती म्हणाली, आय्तु. ठीक आहे, हो, ह्या अर्थी. मला केवढा अभिमान होता त्या शब्दाचा, सासरची भाषा कामाला आली म्हणून.

शिल्पाश्रीला मी हसून दाखवलं. रवीनं फोटोही काढला आमचा, टॅबसकट.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं. न सापडतं तर बरं होतं, असं आजवर कुठल्याच दोषाबद्दल वाटलं नव्हतं.

दहा दिवस मी एकटी एका टॅबवर बोटं आपटत होते, म्हणून काही दिसत नव्हतं. आज दोन टॅब घेतले. एक माझ्यापुढे, एक रूपश्रीपुढे. दोन्हींवर एकच खोटा रुग्ण उघडला. मी गोळीची नोंद करायची, तिनं रक्तदाबाची, एकाच क्षणी. ती मोजायची, "ओंदु, एरडु, मूरु," आणि दोघी दाबायचो. पन्नास वेळा केलं. पन्नासही वेळा दोन्हीकडे हिरवं, आय्तु. मग फाइल उघडून पाहिली. चार नोंदी नव्हत्याच.

"अय्यो अक्का," रूपश्री म्हणाली.

इथे स्वतःसाठी लिहून ठेवते, कारण डोकं ठिकाणावर नाही. प्रत्येक रुग्णाची एक फाइल आहे. नर्सनं बोट लावलं की प्रोग्राम आधी ती फाइल वाचतो, तिच्यात आपली ओळ घालतो आणि सगळी फाइल पुन्हा लिहितो. लिहायला वेळ लागतो, म्हणून ते काम मागे ढकलून पुढे लगेच आय्तु दाखवतो. एकच नर्स असेल तर काही बिघडत नाही. पण दोघींनी एकाच वेळी बोट लावलं तर दोघींचे प्रोग्राम तीच जुनी फाइल वाचतात. पहिली आपली ओळ घालून ठेवते. दुसरीच्या हातातल्या प्रतीत ती ओळ नसतेच. ती आपली प्रत वर ठेवते, आणि पहिलीची ओळ गेली. कुणी खोडलं नाही, कुणी चुकलं नाही, तक्रारीचा दिवाही लागत नाही.

हे होऊ नये म्हणूनच पूर्वी थांबणं होतं. एकीचं लिहून होईपर्यंत दुसरी थांबायची. ऑक्टोबरात नर्स म्हणू लागल्या की स्क्रीन अडकतो. यशोवर्धन म्हणाला, काहीतरी करा. मी केलं. दोन ओळी पुसल्या, खाली माझं नाव आणि तारीख. दोघी एकाच क्षणी एकाच रुग्णाचं कशाला लिहितील, असा विचार केला होता. खरंच केला होता का? आता आठवत नाही.

दोघी एकाच क्षणी लिहितात. पाळी बदलते तेव्हा. जाणारी नर्स घाईघाईनं गोळ्या नोंदवते आणि येणारी रक्तदाब. जे. पी. नगरला पाळी सहाला बदलते. अण्णांची गोळी सहाला असते.

रूपश्रीनं विचारलं, "सरांना सांगायचं ना?" मी म्हणाले, आधी मला नीट कळू दे. मला नीट कळलं होतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं नाही. यशोवर्धन दिवसभर मीटिंगमध्ये होता. अधूनमधून नव्हताही.

रवीनं विचारलं, चेहरा का उतरलाय? मी म्हणाले, येताना इडलीचं पीठ आण.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी केंद्रात गेले. पर्समध्ये दुसरी निळी वही आणि दोरा होता. ठरवलं होतं की वही अण्णांच्या खाटेला बांधायची आणि शिल्पाश्रीला सांगायचं, टॅबवर कर पण इथेही लिही.

अण्णा मजेत होते. विचारलं, "पायाचा व्यायाम झाला का?" म्हणाले, "आय्तु." तेवढ्यात व्यायाम घेणारी मुलगी आली आणि म्हणाली, आजोबांनी सकाळपासून पाय हलवलेला नाही. मी चिडले. "आय्तु म्हणालात की आत्ता!"

"म्हटलं की. करीन म्हटलं." आणि त्यांना दुकान आठवलं. "गिऱ्हाईक यायचं. अण्णा, शुक्रवारी झंपर पायजे. मी म्हणायचो, आय्तु. शुक्रवारी येऊन विचारायचं, आय्ता? मी म्हणायचो, आय्तु आय्तु, सायंकाळी या. दोन्ही वेळेला कापड कपाटात, घडी पण मोडली नव्हती." हसता हसता खुबा दुखला तरी हसत राहिले.

"हे खोटं बोलणं नव्हे का, अण्णा?"

"खोटं कसं गं? मी म्हटलं ते मला कळलं. त्यानं ऐकलं ते त्याला."

मीही हसत होते. मग समोर भिंतीवरचा टॅब दिसला आणि हसू जागीच थांबलं. रूपश्रीनं मला शब्द दिला तो "ठीक आहे, करते" ह्या अर्थाचा. तिनं तपासणीतही तो तसाच वाचला, म्हणून तिला तो बरोबर वाटला. शिल्पाश्री वाचते ती "झालं, संपलं." मी नर्सला शिंप्याचा आय्तु दिलाय, आणि ती त्यावर विश्वास ठेवून घरी जाते.

वही तशीच परत आणली. शिल्पाश्री समोर उभी होती, म्हणाली, "एनु मॅडम, काही पाहिजे का?" काय सांगणार होते? परवाच फोटो काढला होता तिच्यासोबत. ताकाला जाऊन भांडं लपवलं. "काही नाही" म्हणाले आणि अण्णांचा टॉवेल वाळत घातला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी यशोवर्धनला सांगितलं. ऑक्टोबरातल्या माझ्या दोन ओळींसकट. वाटलं होतं ओरडेल. त्यानं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "कुणाला इजा झालीय?"

"अजून कळलेलं नाही."

"किती दिवसांत दुरुस्त होईल?"

"गुरुवारी सकाळी सगळीकडे जाईल."

"मग तीन दिवसांसाठी अकरा केंद्रांना घाबरवायचं? पुन्हा वह्या काढतील ताई. परत कधी टॅबला हात लावणार नाहीत."

काढू देत वह्या, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे. घाम मात्र पाठीवरून खाली उतरत होता. म्हणजे अंगाला कळत होतं, तोंडाला नाही.

दुपारपासून कामाला लागले. नुसतं जुनं थांबणं परत घालून चालणार नाही. एकीनं फाइल धरली आणि तिचा टॅब मधेच बंद पडला, तर बाकीच्या जन्मभर थांबतील. म्हणून धरण्याला वेळेची मर्यादा हवी. फाइल जागच्या जागी लिहायची नाही, बाजूला नवी पूर्ण लिहून मग जुनीच्या जागी ठेवायची, म्हणजे वीज गेली तरी अर्धवट राहणार नाही. आणि हिरवं दाखवायचं ते सगळ्यात शेवटी.

ह्या थांबण्याला प्रोग्राममध्ये नाव द्यावं लागतं. मी "कात्री" दिलं. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ दुकानात मिळून कापायचे. एकदा दोघांनी एकाच नवरदेवाच्या कोटाचं कापड आपापल्या मापानं कापलं. तेव्हापासून नियम झाला की मोठी कात्री ज्याच्या हातात त्यानंच कापडाला हात लावायचा, दुसऱ्यानं खडूसुद्धा उचलायचा नाही. ती कात्री अजून दुकानात खिळ्याला आहे. हे मला वीस वर्षं ठाऊक होतं.

सहा वाजता घड्याळाकडे पाहिलं. मग पाहायचं नाही म्हणून खुर्ची वळवून बसले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोनशे वेळा दाबलं. दोनशेच्या दोनशे नोंदी जागेवर. रूपश्रीनं टाळी दिली. शब्दही बदलला. आता आधी पिवळं येतं, "थांबा." फाइल खरोखर लिहिली गेली की मग हिरवं, "बरेदाय्तु." लिहून झालं. हाही रूपश्रीनंच सुचवला, ह्या वेळी तीनदा विचारून घेतलं.

उद्या सकाळी आठला सगळीकडे जाईल. झालंच म्हणून समजायचं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा जेवण चवीनं गेलं.

साडेसातला अण्णांना फोन केला. "बरं आहे ना सगळं? गोळी घेतलीत?" म्हणाले, "आय्तु, आय्तु. दोन्ही आय्तु." मी म्हटलं, कसल्या दोन्ही? तोवर जेवणाचं ताट आलं आणि त्यांनी फोन ठेवला. दोन्ही म्हणजे गोळी आणि व्यायाम असणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आठला नवा प्रोग्राम गेला. नऊला केंद्रातून फोन आला. अण्णांच्या जखमेतून रक्त येतंय, लघवीतही लाल. रुग्णवाहिका निघाली आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रक्त दोन बाटल्या चढवलं. उतारा म्हणून इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, रक्त प्रमाणाबाहेर पातळ झालंय, गोळी जास्त गेली का? मी आणि रवी बाकावर बसलो होतो. डॉक्टर रवीशी बोलत होते, मी त्यांच्या बुटांकडे पाहत होते.

केंद्राच्या व्यवस्थापिका येऊन गेल्या. म्हणाल्या, आम्ही चौकशी केलीय. सहाची गोळी शिल्पाश्रीनं दिली पण नोंदवली नाही. सात वाजता रात्रपाळीच्या अंबूबाईंनी टॅब पाहिला, गोळी बाकी दिसली, त्यांनी दिली. शिल्पाश्री म्हणते मी दाबलं होतं, आय्तु आलं होतं. "आता असं म्हणणारच ती. तिला काल संध्याकाळपासून घरी बसवलंय."

हे व्यवस्थापिका बोलल्या आणि मी गप्प राहिले. दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून दोन्ही लिहिते.

रवी म्हणाला, "एवढी साधी गोष्ट. एक बोट लावायचं. तेवढंही ह्या मुलींना होत नाही?"

२२ फेब्रुवारी, शनिवार

रक्त थांबलं. अण्णा शुद्धीवर आहेत, चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. मला पाहून म्हणाले, "ऊटा आय्ता?" मी तोंड फिरवलं.

थोडं पाणी घेतल्यावर हळूहळू बोलले. "त्या मुलीला काय म्हणू नका. माझीच जीभ. सहाला एक गोळी दिली तिनं. मग ती दुसरी बाई आली, म्हणाली, अण्णा, मात्रे तगोळ्ळि. गोळी घ्या. मी म्हटलं, आय्तु अम्मा. म्हणजे झाली माझी घेऊन. तिला वाटलं, हं, घेतो म्हणाले. हातावर ठेवली, पाणी धरलं."

"मग घेतलीत कशाला?"

"मी शिंपी गं. डॉक्टर नव्हे. तिला कळत असेल म्हटलं." थांबून म्हणाले, "सोमवारी पण असंच झालं की. मला वाटलं डोस वाढवला."

सोमवारी.

२३ फेब्रुवारी, रविवार

ऑफिसला सुटी. किल्ली होती, एकटीच जाऊन बसले. प्रत्येक टॅब आपल्या पोटात एक कच्ची यादी ठेवतो, बोट कधी कुठे लागलं त्याची. ती कुणी बघत नाही. मी जे. पी. नगरची उघडली.

सोमवार, सतरा तारीख. सहा वाजून चार मिनिटं, अकरा सेकंद. शिल्पाश्री, गोळी दिली. त्याच सेकंदाला अंबूबाई, रक्तदाब. फाइलीत फक्त रक्तदाब.

बुधवार, एकोणीस तारीख. सहा वाजून दोन मिनिटं, चाळीस सेकंद. शिल्पाश्री, गोळी दिली. त्याच सेकंदाला अंबूबाई. फाइलीत फक्त रक्तदाब.

तिनं दाबलं होतं. दोन्ही वेळा.

सतराच्या सहा वाजता मी खुर्ची वळवून बसले होते. एकोणीसला त्या वेळी रूपश्री टाळी देत होती. आणि पंधराला वही माझ्या पर्समध्ये होती, दोऱ्यासकट. अजून आहे.

छापून घेतलं. प्रिंटर दोनदा अडकला, तेव्हा वाटलं, सोडून द्यावं. अण्णा वाचलेत. प्रोग्राम दुरुस्त झालाय. ही कच्ची यादी तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते, हेही मीच लिहिलेलं आहे. झाकली मूठ राहील. पाच-दहा मिनिटं मी तशीच बसले होते, आणि त्या वेळात मी काय होते ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला स्वतःला चांगलं म्हणता येणार नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी रवीनं एक कागद पुढे केला. "तक्रार लिहिलीय. इंग्रजी जरा बघ." शिल्पाश्रीविरुद्ध. गणिताचा मास्तर, मुद्देसूद लिहिलं होतं. तिसऱ्या ओळीत तिचं नाव, चौथीत "अक्षम्य निष्काळजीपणा". स्पेलिंग बरोबर होतं.

मी पेन घेतलं, एक स्वल्पविराम घातला. मग पेन ठेवलं आणि सांगितलं. सगळं. ऑक्टोबर, चार नोंदी, वही.

रवीनं ऐकता ऐकता कागद परत ओढून घेतला. शेवटी म्हणाला, "कधीपासून माहीत होतं?"

"तेरा तारखेपासून."

"चौदाला मी विचारलं होतं तुला. चेहरा का उतरलाय म्हणून."

"हो."

"मी पीठ आणायला गेलो."

ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा केली. म्हणाला, "मग आता हे कुणाच्या नावानं लिहू?" मला खरंच वाटतं की तो विचारतच होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

यशोवर्धनला न विचारता अकराही केंद्रांना पत्र पाठवलं. ऑक्टोबरपासून वीस तारखेपर्यंत कुठल्या नोंदी हरवल्या असतील, कच्च्या यादीतून त्या कशा काढायच्या, आणि सगळं तपासून होईपर्यंत वह्या सुरू करा. खाली माझं नाव. तो लाल होऊन आला. "आधी मला सांगायचं होतं ताई!" मी म्हणाले, सांगून पाहिलं होतं सतरा तारखेला, आपण दोघांनीही ऐकलं नाही. तो खुर्चीत बसला. थोड्या वेळानं स्वतःच एकेका केंद्राला फोन लावू लागला. मला म्हणाला, तुम्ही काही दिवस घरी राहा, वरचे काय ठरवतात ते कळवतो. मी गळ्यातली ओळखपत्राची पट्टी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

मग जे. पी. नगर. व्यवस्थापिकेसमोर छापलेला कागद ठेवला आणि म्हणाले, शिल्पाश्रीनं नोंद केली होती. दोन्ही वेळा. माझ्या प्रोग्रामनं ती पुसली, आणि पुसली जाते हे मला माहीत होतं.  त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "ती तर गावी गेली. खोलीही सोडली बहुतेक." नंबर लिहून दिला.

निळी वही आणि दोरा तिथेच टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हणाले, पंधरा तारखेला आणलं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

अण्णा उद्या घरी येतील. रवी माझ्याशी बोलतो, जेवण, औषधं, बिछाना, एवढंच.

दोन दिवस शिल्पाश्रीचा फोन लागत नव्हता. आज अकरा वाजता लागला. माझी कानडी दुकानापुरती, म्हणून रूपश्रीकडून वाक्यं लिहून घेतली होती, ती समोर ठेवून वाचली. चूक तुझी नव्हती, माझी होती. मला आधीपासून माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. केंद्राला लेखी दिलंय, ते तुला परत बोलावतील. अण्णा बरे आहेत. माफ कर म्हणायला मला तोंड नाही, पण म्हणते.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी तिला हाक मारली, तिनं ओ दिली नाही. मला वाटलं फोन कटला.

मग ती म्हणाली, "आय्तु, मॅडम," आणि फोन ठेवला.

बोट त्या नंबरावर आहे. परत लावून कुठला आय्तु, हे विचारायची मला भीती वाटते.